पिवळा दिवा लुकलुकू लागला तर

कराडच्या बाजूच्या एका भगिनीचे पत्र आले आहे. पत्र मोठे आहे. त्यातला या सदरापुरता भाग असा : चिपळूणला नात्यातला वलीमा आटोपून घरची सातजण सीएनजीच्या गाडीतून परत निघाली. गाडी दीर चालवत होते, शेजारी सासरे, मागे बायका-मुले आणि जिथे जागा मिळेल तिथे सामान. कुंभार्ली घाट चढताना गाडी गचके देऊ लागली आणि मीटरमध्ये इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लुकलुकू लागला. मधल्या सीटवर बसलेल्या या भगिनीला तो दिसला आणि तिने सांगितले. दीर म्हणाले, "भाभी, तो दिवा अधूनमधून लागतोच. सेन्सरचं काहीतरी असतं. लाल असता तर थांबलो असतो." अब्बाही म्हणाले, चालू दे, अंधार पडायच्या आत घर गाठू.

कोयनानगरच्या पुढे सडक्या अंड्यांसारखा वास सुटला. पाटण यायच्या आधी गाडीची ओढच गेली आणि ती रस्त्याकडेला उभी राहिली. दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये कळले की एक इग्निशन कॉइल गेली होती आणि तिच्यापायी कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जळाला होता. भगिनीचे प्रश्न दोन आहेत. दिवा लाल नव्हता, पिवळा होता, तरी थांबायला हवे होते का? आणि हाच दिवा गेल्या वर्षी सहा महिने सतत लागलेला होता, तेव्हा काही झाले नाही, मग यावेळी दोन तासांत एवढे नुकसान कसे?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर : हो, थांबायला हवे होते, आणि घाटातच, पहिली सुरक्षित जागा मिळताच. दुसरा प्रश्न जास्त चांगला आहे, कारण सगळी गोम त्यातच आहे. गेल्या वर्षी दिवा जळत होता. यावेळी तो लुकलुकत होता. दिवा तोच, पण निरोप वेगळा.

दिव्यांच्या रंगांचा ढोबळ नियम बहुतेकांना माहीत असतो. लाल म्हणजे धोका, थांबा. पिवळा म्हणजे बिघाड आहे, सवडीने पण नक्की दाखवा. हिरवा किंवा निळा म्हणजे काहीतरी चालू आहे एवढीच माहिती. हे रंग आणि ही चित्रे कंपनीच्या मर्जीवर सोडलेली नाहीत. त्यासाठी आयएसओ २५७५ नावाचे आंतरराष्ट्रीय मानक आहे, म्हणून जपानी, कोरियन किंवा आपल्याकडची कुठलीही गाडी घ्या, तेलाच्या झारीचे चित्र सगळीकडे झारीसारखेच दिसते. दिरांनी लावलेला नियम याच रंगांचा होता आणि तो चुकीचा नाही. पण तो पिवळा दिवा स्थिर जळत असेल तोवरचा आहे. इंजिनाचा दिवा लुकलुकू लागला की रंग पिवळा असला तरी त्याला लाल समजावे.

आता आत काय घडते ते पाहू. पेट्रोल किंवा सीएनजीच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरमध्ये इंधन आणि हवेचे मिश्रण येते, दाबले जाते आणि स्पार्क प्लगच्या ठिणगीने पेटते. त्या पेटण्याच्या धक्क्याने क्रँकशाफ्ट फिरतो. एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगी पडली नाही, तर तेवढा धक्का हुकतो. गॅरेजमध्ये याला 'मिसिंग' म्हणतात. गाडी गचके देते, थरथरते, चढावर दम टाकते. क्रँकशाफ्टजवळ एक सेन्सर बसवलेला असतो, तो फिरण्याची गती क्षणाक्षणाला मोजतो. धक्का हुकला की गती कणभर कमी होते. गाडीच्या संगणकाला एवढ्यावरून कळते की मिसिंग आहे, आणि बहुतेक वेळा कुठल्या सिलिंडरमध्ये आहे तेही कळते.

पण पेटले नाही ते इंधन जाते कुठे? ते तसेच, न जळता, सोबतच्या हवेसकट सायलेन्सरच्या वाटेला लागते. किती जाते याचा हिशेब करून पाहा. चार सिलिंडरचे इंजिन चढावर मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा, म्हणजे मिनिटाला १५०० वेळा पेटायला हवा. सेकंदाला २५ वेळा. त्यातला एक सिलिंडर पूर्ण मेला असेल, तर दर सेकंदाला कच्च्या इंधनाचे २५ घोट मागच्या नळीत जातात. घाट चढायला वीस मिनिटे लागली, तर तीस हजार घोट.

त्या नळीच्या वाटेवर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसलेला असतो. बाहेरून तो सायलेन्सरचाच एक फुगीर डबा दिसतो. आत मधमाशांच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रांची चिनी मातीसारखी वीट असते आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा पातळ लेप. धुरातले विषारी वायू या लेपाला लागून कमी घातक वायूंत बदलतात. त्यासाठी हा डबा तापलेला असावाच लागतो, त्याचे रोजचे काम काहीशे अंशांवर चालते. मात्र कच्चे इंधन आणि हवा एकत्र येऊन त्याच्या पोटातच पेटू लागली, की तापमान हजार अंश सेल्सियसच्याही वर जाऊ शकते. मग लेप करपतो, वीट तडकते किंवा वितळून छिद्रे बुजतात. छिद्रे बुजली की धुराला बाहेर पडायला वाट राहत नाही आणि इंजिनाचा श्वास कोंडतो. पाटणच्या अलीकडे गाडीची ओढ गेली ती यामुळे.

स्थिर दिवा आणि लुकलुकणारा दिवा यांच्यातला फरक संगणकाच्या मोजणीतून येतो. सर्वसाधारणपणे तो मिसिंग दोन प्रकारे मोजतो. एक मोजणी इंजिनाच्या १००० फेऱ्यांची. त्यात मिसिंगचे प्रमाण थोडेच पण पुन्हा पुन्हा दिसले, तर गाडी जास्त प्रदूषण करते आहे एवढाच अर्थ निघतो आणि दिवा स्थिर लागतो. दुसरी मोजणी फक्त २०० फेऱ्यांची. एवढ्या थोड्या वेळात मिसिंग इतके झाले की कन्व्हर्टर जळण्याची भीती आहे, असे दिसले की दिवा लुकलुकू लागतो. स्थिर दिवा 'काहीतरी बिघडले आहे' असे सांगतो. लुकलुकणारा दिवा 'या क्षणी काहीतरी जळते आहे' असे सांगतो. गेल्या वर्षीचा तो सहा महिन्यांचा दिवा कशाचाही असू शकेल. ऑक्सिजन सेन्सर, पेट्रोलच्या टाकीचे सैल झाकण, कुठेतरी हवेची गळती. अशा दिव्यावर गाडी चालते. सहा महिने चालवावी असे मात्र मी म्हणणार नाही. सतत जळणाऱ्या दिव्याची सवय होते, मग त्याच्या आड दुसरा, खरा गंभीर बिघाड आला तरी कळत नाही. या घरात तेच झालेले दिसते.

ही पद्धत आली अमेरिकेतून. कॅलिफोर्नियातल्या शहरांवर गाड्यांच्या धुराचे ढग बसू लागले, तेव्हा तिथल्या सरकारने कंपन्यांना सांगितले की गाडीने स्वतःच स्वतःची तपासणी करावी आणि बिघाड चालकाला दाखवावा. १९९६ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या सर्व नव्या मोटारींत ही तपासणी एकाच ठराविक पद्धतीची झाली. आपल्याकडे बीएस-४ बरोबर २०१० मध्ये तिची पहिली पायरी आली आणि एप्रिल २०१३ पासून दुसरी. म्हणजे तुमची पेट्रोल किंवा सीएनजी गाडी त्यानंतरची असेल, तर हा लुकलुकणारा निरोप देण्याची सोय तिच्यात असते.

तर दिवा लुकलुकू लागला की काय करायचे? सर्वात आधी पाय ॲक्सिलरेटरवरून उचलायचा. ब्रेक दाबण्याची घाई नको, इंजिनावरचा भार कमी होणे महत्त्वाचे. एसी बंद. सीएनजीची गाडी असेल तर बटण दाबून पेट्रोलवर घ्या, कारण बिघाड गॅसच्या बाजूचा असेल तर पेट्रोलवर मिसिंग थांबतेही. चारही इंडिकेटर लावून डावीकडे, वळणावर नव्हे, सरळ आणि रुंद जागी गाडी घ्या आणि इंजिन बंद करा. जागा निवडताना खाली वाळलेले गवत किंवा पाचोळा नाही ना, हे बघा. मार्च-एप्रिलमध्ये आपल्या घाटांतले गवत पेटायला निमित्तच शोधत असते आणि तापलेला कन्व्हर्टर गाडीच्या पोटाखाली जमिनीपासून वीतभरच उंच असतो. मुलांना रस्त्याच्या बाजूच्या दाराने उतरवू नका. कठड्याच्या बाजूने उतरवा आणि गाडीपासून थोडे दूर, कठड्यापलीकडे सपाट जागा असेल तर तिथे उभे करा. गाडीबरोबर मिळालेला लाल त्रिकोण सामानाखाली गाडलेला असतो. तो काढून गाडीच्या मागे, येणाऱ्याला वळणाआधीच दिसेल इतक्या अंतरावर ठेवा.

वासाबद्दल वेगळे सांगायला हवे. कन्व्हर्टर तापून बिघडला की सडक्या अंड्यांसारखा गंधकी वास येतो. सीएनजीला मुळात वास नसतो, गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम घातलेला वासही गंधकाच्याच जातीचा असतो. रस्त्यावर उभे राहून या दोन वासांतला फरक ओळखण्याच्या भानगडीत पडू नका. सीएनजीच्या गाडीत असा वास आला की गळती आहे असेच धरून चाला. इंजिन बंद, सर्वजण बाहेर, दारे आणि डिकी उघडी, सिलिंडरचा हाताने बंद होणारा व्हॉल्व्ह बंद. जवळपास विडी-सिगारेट कुणीही पेटवायची नाही. हा वायू हवेपेक्षा हलका असल्याने उघड्यावर वर निघून जातो, बंद गाडीत मात्र कोंडून राहतो. व्हॉल्व्ह कुठे आहे हे घाटात शोधायचे काम नाही. आजच घरापुढे गाडी उभी असताना पाहून ठेवा आणि गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला दाखवा.

दहा-पंधरा मिनिटांनी, वास नसेल तर, इंजिन सुरू करून बघायला हरकत नाही. दिवा आता स्थिर असेल आणि थरथर नसेल, तर एसी न लावता, हळू, रेस न देता जवळच्या गॅरेजपर्यंत जाता येते. इथे एक गैरसमज होतो. लुकलुकणे थांबले म्हणजे गाडी दुरुस्त झाली, असे वाटते. तसे नसते. भार कमी झाला म्हणून मिसिंग कमी झाले, एवढेच. पुढच्या चढावर ते परत येणार. सातजण आणि सामान घेऊन उरलेला घाट चढायचा असेल, तर मंडळींना दुसऱ्या वाहनाने पुढे पाठवणे शहाणपणाचे. दिवा पुन्हा लुकलुकला तर टोचन. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ हा मदतीचा क्रमांक आहे. जीवाला धोका असेल तर ११२. आणि तुमच्या विम्यात रस्त्यावरच्या मदतीची सोय घेतली आहे का, हे घरून निघण्याआधी बघून ठेवलेले बरे.

पत्रातली एक गोष्ट मला जास्त खटकली. दिवा मधल्या सीटवरून दिसला, सांगितलाही गेला, पण गाडीत मोठ्यांचे एकदा ठरल्यावर पुन्हा बोलायचे कुणी? आपल्या घरांत हे नवीन नाही. चालवणाऱ्याची नजर रस्त्यावर असते, तशी ती असायलाच हवी, विशेषतः घाटात. मीटर वाचायचे काम शेजारी बसलेल्याकडे दिले तर कुणाचा मान कमी होत नाही. शाळकरी मुलांना हे काम फार आवडते. त्यांना फक्त चार चित्रे शिकवा : इंजिन, तेलाची झारी, पाण्यातला थर्मामीटर आणि वर्तुळातले उद्गारचिन्ह. 'अब्बू, इंजिन लुकलुकतंय' असे मागून ऐकू आले, तर ती कटकट समजू नका.

मिसिंगची कारणे बहुधा स्वस्त असतात, हेच या प्रकरणातले दुःख. जुना झालेला स्पार्क प्लग. कमजोर कॉइल. चोंदलेला इंजेक्टर. पावसाळ्यात उंदरांनी कुरतडलेली वायर. ज्यांची गाडी गोठ्याजवळ किंवा धान्याच्या खोलीशेजारी उभी असते त्यांना हा अनुभव असेलच. सर्व्हिसिंगच्या वेळी इंजिनावर पाण्याचा जोरदार फवारा मारला आणि प्लगच्या खोबणीत पाणी साचले, तरी गाडी दुसऱ्या दिवशी मिसिंग मारते. सीएनजीच्या गाडीला प्लगची काळजी जास्त. गॅस पेटवायला पेट्रोलपेक्षा जोरदार ठिणगी लागते, त्यामुळे थोडा झिजलेला प्लग किंवा थकलेली कॉइल पेट्रोलवर चालून जाते आणि गॅसवर उघडी पडते. तीही नेमकी चढावर, भरल्या गाडीत. प्लग किती किलोमीटरला बदलायचे हे पुस्तिकेत दिलेले असते. सीएनजीसाठी तो आकडा वेगळा असेल तर तोच पाळायचा. प्लग काहीशे रुपयांत येतो आणि कॉइल काही हजारांत. कन्व्हर्टरचा खर्च या दोन्हींच्या कितीतरी पट.

गॅरेजमध्ये गेल्यावर 'स्कॅनर लावा आणि कोडचा आकडा कागदावर लिहून द्या' असे सांगा. स्टिअरिंगच्या खाली १६ पिनांचे एक सॉकेट असते, त्याला स्कॅनर जोडतात. मिसिंगचे कोड पी०३०० पासून सुरू होतात. पी०३०० म्हणजे मिसिंग एकाच सिलिंडरपुरते नाही, पी०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर, पी०३०२ म्हणजे दुसरा, असे पुढे. पी०४२० आला तर कन्व्हर्टर नीट काम करत नसल्याची शंका. ही शंकाच असते बरे, कधी सेन्सर किंवा सायलेन्सरची गळतीही असा कोड देते, म्हणून केवळ त्या आकड्यावर कन्व्हर्टर बदलू देऊ नका. एक सिलिंडर मिसिंग दाखवत असेल तर चांगला मेकॅनिक त्याची कॉइल काढून शेजारच्या सिलिंडरला लावून पाहतो. बिघाड कॉइलबरोबर सरकला तर दोष कॉइलचा. पाच मिनिटांचे काम आहे.

याउलट काही ठिकाणी नुसता कोड पुसून देतात. दिवा विझतो, मालक खूश, शंभर-दोनशे रुपये घेतले जातात. बॅटरीची वायर काढून पुन्हा लावली तरी अनेक गाड्यांत तेच होते. यात दुरुस्ती काहीच होत नाही. घरात धूर झाला म्हणून धुराची घंटा काढून टाकण्यासारखे हे काम आहे. जुनी गाडी घेणाऱ्यांनी तर फारच सावध राहावे. किल्ली फिरवा पण इंजिन सुरू करू नका. त्यावेळी इंजिनाचा पिवळा दिवा लागलाच पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. मुळात लागतच नसेल, तर कुणीतरी तो काढला आहे किंवा झाकला आहे. एअरबॅगच्या दिव्याचीही हीच परीक्षा. तो किल्ली फिरवल्यावर लागला नाही किंवा लागून विझलाच नाही, तर अपघातात एअरबॅग उघडेल याची खात्री धरू नका. गाडी दाखवायला आणणारा घाई करत असेल तरी हे अर्धे मिनिट सोडू नका.

आता इतर लुकलुकणाऱ्या दिव्यांबद्दल, कारण सगळ्यांचा अर्थ सारखा नाही. घसरणाऱ्या गाडीचे चित्र असलेला पिवळा दिवा ओल्या रस्त्यावर लुकलुकला, तर तो बिघाड नव्हे. चाक घसरते आहे आणि यंत्रणा ते सावरते आहे, असा त्याचा अर्थ. वेग कमी करा, बाकी काही करायचे नाही. तोच दिवा स्थिर लागून राहिला तर मात्र यंत्रणा बंद आहे. टायरच्या हवेचा दिवा स्थिर असेल तर कुठल्या तरी टायरमध्ये हवा कमी आहे. गाडी सुरू केल्यावर तो मिनिटभर लुकलुकून मग स्थिर झाला, तर हवा नव्हे, सेन्सर बिघडला आहे. एका बाजूचा इंडिकेटर नेहमीपेक्षा भरभर लुकलुकू लागला, तर त्या बाजूचा बहुधा एक बल्ब गेला. किल्लीचे चित्र लुकलुकते आणि गाडी सुरू होत नाही, तेव्हा गाडीने किल्ली ओळखलेली नसते, दुसरी किल्ली लावून बघा. डिझेलच्या काही गाड्यांत स्प्रिंगसारखे पिवळे चित्र चालत्या गाडीत लुकलुकते, ती इंजिनाच्या बिघाडाची सूचना. सीट बेल्टचा दिवा कशासाठी लुकलुकतो हे सांगायला नको. त्याची पिरपिर बंद करायला बाजारातून नुसती क्लिप आणून खोचणाऱ्यांना काय सांगावे, ते मला कळत नाही.

पाण्याच्या तापमानाच्या दिव्याचे मात्र नीट लक्षात ठेवा, कारण काही गाड्यांत तो उलटा बोलतो. मारुतीच्या अनेक गाड्यांत तापमानाचा काटा नसतो, दिवा असतो. इंजिन थंड असताना निळा. लाल होऊन लुकलुकू लागला तर इंजिन जास्त तापू लागले आहे. लाल होऊन स्थिर झाला तर तापून गेले आहे. म्हणजे इथे लुकलुकणे ही आधीची सूचना आणि स्थिर होणे ही पुढची अवस्था, इंजिनाच्या पिवळ्या दिव्याच्या बरोबर उलट. तुमच्या गाडीत काय आहे हे पुस्तिकेतच कळेल. ही पुस्तिका बहुतेक घरांत प्लॅस्टिकच्या पिशवीतून कधी बाहेरच येत नाही. तापमान वाढत असेल आणि थांबायला लगेच जागा नसेल, तर एसी बंद करून हीटर पूर्ण सोडा. उन्हाळ्यात हा सल्ला ऐकून लोक हसतात, पण इंजिनाची बरीच उष्णता त्या वाटेने बाहेर निघते. थांबल्यावर रेडिएटरचे झाकण गरम असताना उघडायचे नाही. आतले पाणी दाबाखाली असते आणि झाकण सैल होताच उकळत तोंडावर उसळते.

आणि लाल झारी. ती लुकलुको किंवा स्थिर असो, विचार करत बसायला वेळ नसतो. हा दिवा तेलाची पातळी नव्हे, तेलाचा दाब दाखवतो. दाब नाही म्हणजे धातू धातूवर कोरडा घासतो आहे. 'पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत जाऊ' एवढ्या अंतरातही इंजिन जाम होऊ शकते. गाडी कडेला घेऊन लगेच इंजिन बंद करा, थोड्या वेळाने काडी काढून तेल पाहा. तेल पुरेसे असूनही दिवा लागत असेल तर इंजिन पुन्हा सुरू न करता टोचन.

पत्राच्या शेवटी भगिनीने विचारले आहे की कन्व्हर्टरचा खर्च विम्यातून मिळेल का. नेहमीच्या सर्वसमावेशक पॉलिसीत यांत्रिक आणि विजेचा बिघाड, झीज आणि त्यातून ओघाने झालेले नुकसान वगळलेले असते, त्यामुळे आशा कमीच. गाडी कंपनीच्या वॉरंटीत असेल तर आधी तिथे लेखी विचारा. गॅसचे किट बाहेरून बसवलेले असेल तर कंपनी हात वर करण्याची शक्यता मोठी. एक मात्र जरूर करा. जुना कन्व्हर्टर गॅरेजमध्ये सोडून येऊ नका. जळालेला असला तरी त्यातले प्लॅटिनम आणि पॅलेडियम कुठे जात नाही, भंगारात त्याला चांगला भाव असतो आणि तो मालकाचा हक्क आहे. नव्याऐवजी 'आतली वीट फोडून रिकामा डबा बसवून देतो, स्वस्तात पडेल' असे कुणी सुचवले तर नाही म्हणा. ते बेकायदेशीर आहे, पीयूसीला अडचण येईल आणि पिवळा दिवा कायमचा लागून राहील. नवा बसवण्याआधी कॉइलचे बिल वेगळे मागा आणि चारही प्लग बदलले आहेत ना, हे डोळ्यांनी बघा. मिसिंग तसेच राहिले तर नवा कन्व्हर्टरही पुढच्या घाटात जुन्याच्याच वाटेने जाईल.